नावात नाव, तारखेत तारीख

विदर्भातली आमची पिढी बहुतेक सगळी १ जूनला जन्मली. आई म्हणते, तू तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झालास. पण गुरुजींना पोळ्याशी काय कर्तव्य? पोरगं पहिलीच्या वयात बसलं पाहिजे, म्हणून त्यांनी रजिस्टरात अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच तारखेला उरकून टाकला. त्यात आमचं नाव-आडनाव इतकं चालू की सक्करदऱ्याच्या बाजारात कोणी हाक मारली तर तीन-चार जण पिशव्या सांभाळत मागे वळतात. इतकी वर्षं यात काही अडलं नाही. गावाला माहीत होतं कोण कोणाचा. कॉम्प्युटरला माहीत नव्हतं.

यंदा मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला आणि कूलर खसासकट दमला. एसी घ्यायचं ठरलं, रोख नव्हती, म्हणून सौभाग्यवतींसह सीताबर्डीच्या एका बँकेत गेलो. समोरची मुलगी भली होती. स्क्रीनकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमचं सिबिल खराब आहे." रक्तात साखर निघाली सांगतात त्या सुरात. सिबिल म्हणजे माणूस कर्ज वेळेवर फेडतो की नाही याचे गुण; हा स्कोर तीनशे ते नऊशेच्या मध्ये कुठेतरी असतो. माझा पाचशेच्या आसपास घुटमळत होता.

रिपोर्टात माझ्या गृहकर्जापुढे दर महिन्याला तीन शून्यं होती. शाळेत गणितात मला एकच मिळायचं आणि घरी मार बसायचा; इथे तीन शून्यं म्हणजे शहाणा मुलगा, हप्ता एक दिवसही चुकलेला नाही. त्याच्या खालची ओळ मात्र माझी नव्हती. कोण्या फायनान्स कंपनीकडून टीव्हीसाठी घेतलेलं कर्ज, उशिराच्या दिवसांचे आकडे तीस, साठ, नव्वद असे चढत गेलेले, आणि शेवटी शेरा 'रिटन ऑफ'. म्हणजे कंपनीने आशा सोडलेली.

"पंचावन्न इंची," कर्जाची रक्कम पाहून बायको म्हणाली. ती एवढंच म्हणाली, पण ऑटोत बसल्यावर पुढचं आलं. "आपल्या घरी तर बत्तीस इंची आहे. मग पंचावन्न इंची कोणाच्या घरी लावला?"

तीस वर्षांच्या संसारावर मराठी माणसाला असा प्रश्न येईल असं कुठल्याच पत्रिकेत नसतं. मी सांगितलं की हा दुसरा कोणीतरी आहे, नाव तेच, १ जून तीच, पॅन नंबर बहुधा कोणी नीट टाकलाच नाही, आणि दोघांची फाइल एक झाली. ती म्हणाली, "हो, सगळे असंच म्हणतात."

नेमकं हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. वसुलीवाल्या पोराकडून. त्याला माझा नंबर त्या खिचडी फाइलीतच सापडला असणार. रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करायचे नाहीत. नियम पाळण्यात या पोराचा हात कोणी धरला नसता. आठच्या ठोक्याला, मी तर्री-पोह्याचा पहिला घास घेतला की फोन.

"काकाजी, भरून टाका ना जी. काहून स्वतःले त्रास करून घेता?"

"अरे बाबा, तो मी नव्हेच."

"जाऊ द्या, अर्धे भरा. सेटल करून देतो."

साळा म्हणाला, देऊन टाका भाऊजी, कटकट तर मिटेल. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण बँकेतल्या त्या मुलीने आधीच सावध केलं होतं: अर्धे भरले की फाइलीवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि पुढचा बँकवाला तो वाचून तसंच तोंड वाकडं करतो. म्हणजे दुसऱ्याच्या टीव्हीचे पैसे भरून वर आपण बुडवल्याचा पुरावाही आपणच द्यायचा. शिवाय ही माहिती किमान सात वर्षं ठेवतात. साडेसातीपेक्षा सहाच महिने कमी; आणि साडेसाती निदान संपते कधी ते तरी कळतं.

मग मी अभ्यासाला बसलो. देशात असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. म्हणजे आपली अब्रू चार ठिकाणी ठेवलेली असते आणि ती वर्षाला चारदा मोफत पाहता येते. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करायची. पण कंपनी ती परस्पर खोडत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. म्हणजे ज्याने चूक केली त्यालाच, "बघा बुवा, चुकलं का?"

संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची मोठी इमारत आहे. म्हटलं थेट तिथेच कागद नेऊन द्यावा. तर कळलं की आधी कंपनीकडेच तक्रार करायची, ती महिनाभरात धड बोलली नाही तर मग लोकपाल, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा तक्रारी ऐकणारा अधिकारी. आणि लोकपालाला कागदी अर्ज करायचा तर तो चंदीगडला पाठवायचा. इमारत नागपूरला, टपाल चंदीगडला. मी इमारतीला नमस्कार करून पुढे गेलो.

या अभ्यासातली एक गोष्ट मात्र घरात फार आवडली. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. एप्रिल २०२४ पासून तसा नियम आहे. बायकोने कॅलेंडर काढलं. वर्षभर त्यांनी नीट आळस केला तर साडेछत्तीस हजार. एसी फुकट. टीव्हीवरचा तिचा संशयही त्या दिवसापासून ओसरला. उलट मी कंपनीला आठवणीचा ईमेल करायला बसलो की ती म्हणायची, "राहू द्या ना, काय घाई आहे?"

पण आपल्याकडे ज्या कामात उशिराचे पैसे मिळणार तेच नेमकं वेळेत होतं. मुदत संपायच्या आत पत्र आलं: सदर कर्ज आपले नसल्याचे आढळले, नोंद काढली आहे. 'क्षमस्व' वगैरे काही नाही. दिलगिरीची मुदत बहुधा वेगळी असावी.

तोवर मृग लागून गेला होता. पावसाने गच्ची धुतली, कूलर झाकला, एसीचा विषय मागे पडला. बँकेतल्या मुलीचा फोन आला, काका, स्कोर सुधारला, आता अर्ज करा.

"एसी आता कशाला?" बायको म्हणाली. "पंचावन्न इंची किती हप्त्यात बसतो, ते विचारा."