नेमबाजीच्या लीगविरुद्ध फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

"आता नेमबाजीचीही लीग! प्रेक्षकांनी गप्प बसायचं असा मुका खेळ, पोरांच्या हातात बंदुका, श्रीमंतांचे चोचले, आणि पैशापायी ऑलिम्पिकची वाट लागणार." हा मेसेज गेल्या काही दिवसांत मला नागपूरच्या चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. माझ्याकडे एअर रायफल शिकणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनीही तो पुढे पाठवला. त्यांना नेमबाजीच्या रेंजवर जे बोलले, तेच इथे लिहिते आहे.

मूळ गोष्ट अशी. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाने २०२५ मध्ये 'शूटिंग लीग ऑफ इंडिया' जाहीर केली. त्यात फ्रँचायझी संघ असतील, रायफल, पिस्तूल आणि शॉटगन हे तिन्ही प्रकार असतील, आणि मुलगा-मुलगी मिळून मिश्र सांघिक सामने होतील.

पहिला आरोप मुकेपणाचा. ज्याने तो केला त्याने अलीकडची एकही फायनल पाहिलेली नसावी. मिश्र सांघिकची पदकासाठीची लढत २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कशी झाली ते आठवा. दोन्ही जोड्यांतल्या प्रत्येकाने एकेक शॉट मारायचा, ज्या जोडीची बेरीज जास्त तिला दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक, आणि आधी सोळा गाठेल तो जिंकला. मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कोरियाच्या जोडीला १६-१० असं हरवलं, म्हणजे तेराव्या शॉटला निकाल लागला. प्रत्येक शॉटनंतर पडद्यावर आकडा येतो आणि श्वास अडकतो. एअर रायफलमध्ये दहा मीटरवरच्या निशाण्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. १०.३ आणि १०.४ मधला फरक डोळ्याला दिसतही नाही, पण त्यावर पदक फिरतं.

आणि गप्प बसायचं हे कोणी सांगितलं? आंतरराष्ट्रीय नियमांतच फायनलला संगीत वाजवायला आणि प्रेक्षकांनी उत्साहाने पाठिंबा द्यायला सांगितलं आहे. जर्मनीत एअर रायफल आणि एअर पिस्तूलची बुंडेसलीगा, म्हणजे तिथली राष्ट्रीय लीग, १९९७ पासून चालू आहे. प्रत्येक संघात पाच नेमबाज, प्रत्येकाची समोरच्या एकाशी चाळीस शॉटची झुंज, जिंकली की संघाला एक गुण. छोट्या गावांचे क्लब त्यात खेळतात आणि हॉलमध्ये लोक ढोल आणि घंटा वाजवतात. शांतता लागते ती नेमबाजाच्या आत. ती त्याला सरावाने आणावी लागते.

आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेचंच बघा. २०२३ मध्ये बर्लिनला १५० पैकी १५० मारून तो कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेता झाला, तेव्हा इथे घरोघरी त्याचं कौतुक झालं. तिरंदाजीलाही लोक 'पाहण्याचा खेळ नाही' असंच म्हणायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत सहा संघांची आर्चरी प्रीमियर लीग झाली.

दुसरा आरोप बंदुकांचा. याबद्दलची भीती मी समजू शकते, कारण आईबाप ती मनापासून बोलून दाखवतात. पण एअर रायफलमध्ये बंदुकीची दारू नसते. सिलिंडरमधल्या हवेच्या दाबावर अर्ध्या ग्रॅमचा, चपट्या तोंडाचा पेलेट, म्हणजे छर्रा, सुटतो. आमच्याकडे आलेलं मूल पहिले कित्येक दिवस पेलेट न भरता नुसता होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरायला शिकतं. 'स्टॉप' म्हटलं की बोट ट्रिगरवरून बाजूला. लाइन सोडताना चेंबरमध्ये (पेलेट बसतो त्या जागी) ती रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घातलेला हवाच, आणि नळी कायम निशाण्याकडे. हे मोडणाऱ्याला मी त्याच क्षणी रेंजबाहेर काढते, मग ते कोणाचंही मूल असो. हत्याराचा धाक इतक्या लवकर आणि इतका पक्का दुसरीकडे कुठे शिकवला जात असेल असं मला वाटत नाही.

तिसरा मुद्दा, श्रीमंतांचा खेळ. यात तथ्य आहे. चांगली परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, जॅकेट-ट्राउझर आणि पेलेट वेगळे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, पत्र्याच्या शेडखाली कॅनव्हासचं जाड जॅकेट घालून साठ शॉट मारणारी माझी मुलं एकच रायफल पाळीपाळीने वापरतात. पण स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा. तो क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. पॅरिसला त्याने ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. हा खेळ महाग आहे म्हणूनच त्यात पैसा यायला हवा. लीगमधल्या संघाचा करार मिळाला तर वडिलांच्या कर्जाऐवजी खेळाडूच्या कमाईतून रायफल येईल.

चौथा मुद्दा ऑलिम्पिकचा, आणि इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. एका देशाला वैयक्तिक प्रकारात जास्तीत जास्त दोनच जागा मिळतात. पॅरिसला आपले एकवीस नेमबाज गेले आणि तो आजवरचा आपला सर्वांत मोठा चमू होता. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला आणि त्याने देशासाठी कोटा, म्हणजे ऑलिम्पिकची एक जागाही मिळवली. तरीही पॅरिसच्या संघात त्याचं नाव नव्हतं, कारण कोटा देशाचा असतो आणि निवड चाचणीवर होते. जगज्जेत्याची ही गत असेल, तर राष्ट्रीय स्पर्धेत विसाव्या क्रमांकावर येणाऱ्या मुलीने चार वर्षं कोणाकडे बघायचं? तिला दरवर्षी खेळायला मंच, संघ आणि मानधन मिळावं एवढंच मी म्हणते आहे.

एक भीती मात्र मलाही आहे. बॅडमिंटनची लीग २०२० नंतर थांबली. हॉकीची २०१७ नंतर बंद पडली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा उभी राहिली. संघमालक मध्येच हात काढून घेतात आणि खेळाडू अडकतात. म्हणून करार होतानाच मानधनाची रक्कम बँकेत जमा असावी, आणि मिश्र जोडीतल्या मुलीला मुलाएवढेच पैसे मिळावेत. मेसेज पाठवायचाच असेल तर ही मागणी असलेला पाठवा. त्या वडिलांनी तो पाठवायचं कबूल केलं आहे.