थोरले, मधले, शेंडेफळ : जन्मक्रमाच्या दाव्याचा प्रतिवाद

थोरले मूल जबाबदार, मधले दुर्लक्षित आणि शेंडेफळ लाडावलेले असते, भावंडांचे नातेही याच क्रमाने ठरते आणि आईवडिलांनी सर्वांना अगदी सारखे वागवले तर भांडणे होतच नाहीत, अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो आहे. त्यातले जवळजवळ काहीच तपासणीत टिकत नाही.

जन्मक्रम आणि स्वभाव यांची सांगड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी घातली. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, सौजन्य किंवा कर्तव्यदक्षता यांवर जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. बुद्धिमापनात थोरल्यांचे पारडे तेवढे किंचित जड भरले. तरीही हा समज सुटत नाही, कारण घरात थोरले मूल धाकट्यापेक्षा नेहमीच वयाने मोठे असते आणि दहा वर्षांच्या मुलाचा समजूतदारपणा सहा वर्षांच्या मुलाशेजारी ठेवला की वयाचा फरक आपण स्वभावाच्या खात्यावर मांडतो.

एकाच घरात वाढलेली मुले सारखी निपजतात, हे गृहीतकही कच्चे आहे. माणसामाणसांत जी आनुवंशिक भिन्नता असते, तिच्यातली सरासरी निम्मीच सख्ख्या भावंडांत सारखी असते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये केलेल्या दीर्घ अभ्यासात तर तान्ह्या वयातच काही मुले शांत, काही चटकन बिथरणारी, काही नव्याला हळूहळू सरावणारी दिसली. बिथरणाऱ्या मुलामागे आईवडिलांचा अधिक वेळ आणि अधिक रागही खर्च होतो, दुसरे भावंड ते पाहत असते, आणि त्यामुळे घर एक असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारे घर वेगळे ठरते.

सर्वांना सारखे वागवण्याचा उपदेश ऐकायला गोड आहे. आजारी मूल आणि धडधाकट मूल यांना सारखे कसे वागवावे, हे मात्र त्यात कोणी सांगत नाही. एकाला झुकते माप मिळते तेव्हा नात्यात कटुता येते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण त्या फरकामागचे कारण मुलाला पटले, तर ती बरीच कमी असते. ‘तो लहान आहे’ हे उत्तर वर्षानुवर्षे पुरवले जाते, तिथे कारण पटणे कठीणच.

भांडण म्हणजे प्रेमाचा अभाव, हेही खरे नाही. जिव्हाळा आणि संघर्ष या दोन गोष्टी संशोधक स्वतंत्रपणे मोजतात, कारण दिवसभर हमरीतुमरीवर येणारी भावंडे एकमेकांवाचून करमत नाही अशीही असतात, आणि कधीच न भांडणारी कित्येक भावंडे केवळ एकमेकांना टाळत असतात.