प्रार्थना आणि पाहणी

निर्णय घेण्यापूर्वी ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्याने देवापुढे गुडघे टेकावेत, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन मला मनापासून मान्य आहे. मात्र बायबलमधील नहेम्याचा, म्हणजे पारसाच्या राजाच्या यहूदी सेवकाचा, उल्लेख त्या राजासमोरच्या क्षणभराच्या प्रार्थनेपुरताच आला, याची खंत वाटते. यरुशलेमेचा कोट पडल्याची वार्ता त्याला यहूदी पंचांगातील किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे तो बोलला निसान महिन्यात. मधल्या सुमारे 4 महिन्यांत उपवास व प्रार्थना झाली होती, म्हणूनच त्या क्षणी काय मागायचे हे त्याला नेमके ठाऊक होते: मुदत, अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे आणि लाकूड. पुढे यरुशलेमेत पोचल्यावरही त्याने रात्री स्वतः फिरून कोटाची पाहणी केली आणि तोवर आपला बेत कोणाला सांगितला नाही.

बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकाच्या 9 व्या अध्यायात याउलट घडते. जवळच राहणारे गिबोनी लोक दूरदेशाहून आल्याचे सोंग करून करार मागायला आले; पुरावा म्हणून दाखवलेली त्यांची शिळी भाकर इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी पाहिली, परंतु परमेश्वराला विचारले नाही, आणि घाईने दिलेली शपथ त्यांना पाळावी लागली.

आमच्या मराठवाड्यात, जालना-बीडकडील एखाद्या लहान मंडळीत, दुष्काळाच्या वर्षी अर्पणाच्या पैशांतून बोअर घ्यावी, टँकर मागवावा की आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे मागे राहिलेल्या मुलांची सोय करावी, हे ठरवताना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत प्रार्थना बहुधा आरंभीची औपचारिकता उरते, आणि हे मला फार अस्वस्थ करते. ठराव मांडण्याआधी आठवडाभर प्रत्येक पंचाने तो विषय देवापुढे ठेवावा आणि त्याच आठवड्यात त्या मुलांच्या घरीही जावे, अशी माझी पाळकांना व पंचांना कळकळीची विनंती आहे.