सहाशे भागिले दोनशे: एका फॉरवर्डचा हिशेब

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: "फोनवर फाइव्ह-जीच्या दांड्या फुल, तरी संध्याकाळी व्हिडिओ अडकतो. कारण कंपन्या मुद्दाम स्पीड दाबतात. साधा हिशेब करा. टॉवरची क्षमता ६०० एमबीपीएस, माणसं २००, म्हणजे प्रत्येकी ३. व्हिडिओला २ पुरतात. कॉल नीट लागतो, स्पीड टेस्ट झकास येते, फक्त व्हिडिओच कसा अडकतो? टॉवर वाढवा, अशी मागणी करा." खाली आमच्या विंगमधल्या काकांचा शेरा: "शंभर टक्के खरं."

महाप्याला मी बरीच वर्षं हेच काम केलंय. टॉवरच्या कुठल्या सेक्टरवर, म्हणजे एका दिशेला तो सांभाळतो त्या भागावर, किती भार येईल आणि तो आला की व्हिडिओचं, कॉलचं काय होईल, याचं गणित मांडायचं. त्यामुळे गप्प बसवेना.

एक गोष्ट आधीच मान्य. रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर आणतात, आणि अटींमध्ये ते लिहिलेलंही असतं. तेवढ्यापुरतं "दाबतात" हे खरंच आहे. आता बाकीचं.

दांड्यांचं दोन वाक्यांत आटपतं. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा पोचतो, एवढंच त्या सांगतात. त्याच टॉवरला आणखी किती जण चिकटलेत आणि शेजारचा टॉवर किती कालवा करतोय, ते सांगत नाहीत. तिकीट खिडकीवरचा दिवा लांबून लख्ख दिसला म्हणून रांग छोटी नसते.

खरी गोम आहे त्या भागाकारात.

पहिलं म्हणजे "टॉवरची क्षमता" असा ठरलेला आकडाच नसतो. टॉवरजवळच्या फोनला एका ठोक्यात आठ बिट पाठवता येतात, कोपऱ्यातल्या बेडरूममधल्या फोनला जेमतेम दोन. समजा दोनच जण आहेत. एकट्याला सगळा वेळ दिला तर पहिल्याला १०० एमबीपीएस मिळतात, दुसऱ्याला १०. दोघांना निम्मा-निम्मा वेळ दिला तर ५० आणि ५, बेरीज ५५. पण दोघांना सारखाच स्पीड द्यायचा म्हटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ९ येतात आणि बेरीज १८ वर घसरते. टॉवर तोच, यंत्रं तीच. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा खाली कोण कुठे बसलंय यावर हलतो. फॉरवर्डवाल्याने जो ६०० घेतलाय, तो सगळे जण टॉवरच्या पायथ्याशी उभे राहिले तरचा असावा.

दुसरं, आणि हेच जास्त महत्त्वाचं: सरासरीने भागलं की गर्दी गायब होते. ठाणे स्टेशनात दहा नंबरवर उभं राहून पाहा. वाशीहून गाडी येते, पुलाच्या जिन्यावर माणसाला माणूस खेटतो, चार मिनिटांनी तोच जिना रिकामा. तासाला किती माणसं चढली ते मोजून जिन्याची रुंदी ठरवली तर कागदावर तो ऐसपैस निघेल.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्येच याचं सूत्र दिलं. दहा लाइन आहेत आणि मागणी सरासरी पाच लाइनची आहे, तरी शंभरातले जवळपास दोन कॉल लाइन न मिळता परत जातात. मागणी सरासरी बरोब्बर दहा लाइनची झाली, म्हणजे फॉरवर्डच्या हिशेबाने "पुरतंय", तर पाचातला एक परत जातो. डेटा असा परत जात नाही, तो रांगेत थांबतो. रांगेच्या सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये वाट ५० टक्के भरलेली असताना पॅकेटला, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याला, मोकळ्या वाटेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. ९० वरून ९५ वर जाताना, त्या पाच टक्क्यांत वेळ दुप्पट होतो. आठ वाजेपर्यंत ठीक चाललेला व्हिडिओ सव्वाआठला का रुसतो, ते इथे आहे. त्यासाठी कुणी बटण दाबावं लागत नाही.

आणि हे साधं मॉडेलसुद्धा सौम्यच. त्यात गृहीत असतं की प्रत्येक जण स्वतंत्रपणे, आपल्या मर्जीने येतो. व्हिडिओ तसा येत नाही. त्यात अधूनमधून एक अख्खं चित्र पाठवतात आणि मधल्या चित्रांमध्ये फक्त बदल; अख्खं चित्र बदलाच्या कितीतरी पट जड. शिवाय प्लेअर पुढच्या काही सेकंदांचा तुकडा एकदम ओढतो, मग स्वस्थ बसतो, मग पुन्हा ओढतो. लेलँड, ताक्कू, विलिंजर आणि विल्सन यांनी १९९४ मध्ये बेलकोर या अमेरिकी संशोधन कंपनीच्या इथरनेटवरच्या, म्हणजे ऑफिसातल्या संगणकांच्या जाळ्यावरच्या, मोजमापांतून दाखवलं की डेटाची रहदारी सेकंदांत बघा की मिनिटांत, गठ्ठेच दिसतात. ती सपाट होत नाही. लोकलमध्ये तर माणसंही गठ्ठ्यानेच हलतात. गाडी ऐरोली सोडून रबाळ्याकडे निघाली की शेकडो फोन जवळपास एकदमच एका सेक्टरमधून पुढच्यात जातात. मागचा मोकळा, पुढच्याची दाणादाण. "माणसं २००" हा आकडा त्या पुढच्या सेक्टरला लागू करायचा तर नक्की कुठल्या मिनिटाचा?

"कॉल लागतो, मग व्हिडिओ का नाही?" कारण फोर-जीवरच्या आवाजाचं ओझंच नगण्य असतं. दर २० मिलिसेकंदांना एक छोटं पॅकेट, चांगल्या दर्जाला फार तर २४ केबीपीएसच्या आसपास, आणि त्याला रांगेत पुढे घ्यायचं हे फोर-जीच्या मानकातच आहे. फोनपासून कंपनीच्या मुख्य यंत्रणेपर्यंतचा प्रवास १०० मिलिसेकंदांत उरकायचा असतो. ॲपवरचा व्हिडिओ कॉल मात्र बाकी सगळ्यांच्या रांगेत. त्यात चित्रपट पुढचे तुकडे साठवून ठेवू शकतो, व्हिडिओ कॉलला ती सोय नाही. समोरच्याने अजून उच्चारलंच नाही ते साठवणार कसं?

पॅकेट गळण्याचंही तेच. हवेत ती एकेकटी गळत नाहीत, झुबक्याने गळतात. बेल लॅब्जच्या गिल्बर्ट यांनी १९६० मध्ये "चांगली अवस्था, वाईट अवस्था" असं मॉडेल मांडलं ते अशा झुबक्याने येणाऱ्या चुकांसाठीच. एखादं सुटं पॅकेट गेलं तर फोन ते बेमालूम भरून काढतो. पंधरा सलग गेली की ३०० मिलिसेकंद गेले. एकदा बायकोला रबाळ्याहून सांगितलं, "स्टेशनवर येऊ नकोस." तिला ऐकू आलं, "स्टेशनवर ये." पाऊण तास पावसात उभी होती. गळतीची सरासरी काढली असती तर त्या कॉलला उत्तम गुण मिळाले असते.

स्पीड टेस्टवाला मुद्दा यातूनच सुटतो. ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून काही सेकंद जमेल तेवढं ओढते आणि सरासरी सांगते. दहा सेकंदांत एक सेकंद काहीच आलं नाही, तर ९० चे ८१ होतात, तुम्ही खूश. व्हिडिओ कॉलवर मात्र तो एक सेकंद साहेबांचं तोंड उघडं राहिलेलं असतं.

राहिली टॉवरची मागणी. कधी कधी तीच बरोबर असते. पण जवळजवळ लावलेले टॉवर एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळतात, आणि हद्दी वाढल्या की चालत्या गाडीतली अदलाबदलही वाढते. कुठे नवा टॉवर, कुठे आहे त्याच टॉवरच्या अँटेनाची मान खाली वाकवणं, कुठे जास्त स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा रुंद पट्टा, हे जागा बघून ठरतं. आणि कंपनीने गर्दीच्या तासाचा भार बघूनही काहीच केलं नसेल, तर ती तक्रार रास्त आहे.

तर काका, सोसायटीचं पत्र जरूर पाठवू. फक्त त्यात "दांड्या फुल" नको आणि तो भागाकार नको. कुठल्या विंगचा कुठला मजला, किती वाजता, काय चालू होतं, किती सेकंद अडकलं, एवढं आठवडाभर लिहून द्या. बी विंगच्या मागच्या बाजूच्या फ्लॅटपासून सुरुवात करू. तिथून तक्रारी जास्त आहेत.