‘आयव्हीसी बघत बसायला वेळ कुणाला आहे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, शॉकमधल्या पेशंटला सलाईन सोडण्याआधी सोनोग्राफीने आयव्हीसी (खालच्या शरीरातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) बघावी, या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं की ट्रॉमाचा (मार लागलेला) पेशंट शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलेला, आला की दोन लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार) सोडायचं आणि ओटीला पळवायचं, बाकी सोनोग्राफीचा प्रोब फिरवणं म्हणजे हौस, आणि सोनोग्राफीने पेशंट वाचतात याला पुरावा काय.

पुराव्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, २०१८ ची शॉक-ईडी ट्रायल हेच सांगते, बीपी पडलेल्या पेशंटमध्ये सोनोग्राफीमुळे जगण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. पण मग दोन लिटरला तरी पुरावा कुठाय? ह्यूस्टनचा १९९४ चा अभ्यास बघा, धडाला गोळी किंवा सुरा लागलेले ५९८ पेशंट, ओटीत जाईपर्यंत सलाईन रोखून धरलेल्यांतले ७० टक्के वाचले आणि लगेच दिलेल्यांतले ६२. एटीएलएसनेही (अपघाती पेशंटच्या उपचारांचा डॉक्टरांसाठीचा कोर्स) दहाव्या आवृत्तीत दोनचं एक लिटर केलंच की.

आता माझा अनुभव. हायवेवर बाईक घसरलेला एक मुलगा दुसरीकडून रेफर होऊन आला, दोन लिटर गेलेलं, तिसरी बाटली चालू, बीपी ८०. सिस्टर दुसरी लाईन शोधत होत्या तेवढ्यात मी झिफॉइडखाली (छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाखाली) प्रोब टेकवला तर आयव्हीसी चांगली टम्म, श्वासाबरोबर जराही हलेना. म्हणजे टाकी भरलेलीच होती, अडलं होतं दुसरीकडे! हार्टभोवती पाणी नाही, पोटात नाही, पण छातीवर डावीकडे प्ल्युरा (फुफ्फुसावरचं आवरण) सरकतच नव्हता, म्हणजे फुफ्फुसाबाहेर हवा कोंडलेली. सुई घातली, फुस्स करून हवा आली, मग आयसीडी (छातीतली हवा काढणारी नळी) टाकली आणि बीपी ११० वर. हे स्टेथोने कळायला हवं होतं म्हणाल, पण नातेवाइकांच्या त्या रडारडीत एअर एन्ट्री (फुफ्फुसात हवा जाण्याचा आवाज) ऐकून दाखवा एकदा :)

आणि उलटं, आयव्हीसी चपटी दिसली आणि लिव्हर-किडनीच्या मध्ये काळी पट्टी (म्हणजे पोटात रक्त) दिसली तरी मी ‘सलाईन ओता’ म्हणत नाहीये, ब्लड बँकेला फोन करा आणि सर्जनला उठवा म्हणतोय, कारण सलाईनने रक्त पातळ होतं, पेशंट गार पडतो आणि बीपी वर गेला की धरलेली गुठळी सुटते. (डोक्याला मार असेल तर बीपी कमी ठेवायचा नाही, ते वेगळं.)

व्हेंटिलेटरचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, चूक माझीच. तिथे मशीन हवा आत ढकलतं तेव्हा आयव्हीसी फुगते, त्यामुळे ५० टक्के कोलॅप्सचा नियम (श्वास घेताना आयव्हीसी निम्म्याहून जास्त चपटी झाली तर टाकी रिकामी) लावायचाच नाही, हे पोस्टमध्ये राहून गेलं होतं, आजच टाकतो. पेल्विस (कमरेचं हाड) फ्रॅक्चरमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला साचलेलं रक्त फास्टमध्ये (अपघाती पेशंटच्या झटपट सोनोग्राफीत) दिसत नाही हेही टाकतो, पेशंट ढासळतोय आणि स्कॅन क्लीन असेल तर स्कॅनवर विसंबू नये.

बाकी प्रोबचं विचारलंत, तर आमच्याकडे वेगळा लिनिअर (सपाट तोंडाचा, वरवरचं बघायचा) नाहीये, पोटाचाच कर्व्हिलिनिअर (गोलसर तोंडाचा) छातीला लावतो, डेप्थ कमी करून.