अंडं आत की बाहेर?

इंग्रज माणूस रजेवर गेला की त्याच्या सहकाऱ्यांपेक्षा माझेच जास्त हाल होतात. मी हिंजवडीत कामाला, आमचं गिऱ्हाईक लीड्सला. ऑगस्ट उजाडला की तिकडची मंडळी पटापट स्पेनला पळतात आणि मेल सुरू होतात. अमक्यासाठी एक जण ‘स्टँड इन’ करतो, दुसरा ‘सिट इन’, तिसरा ‘फिल इन’, चौथा ‘कव्हर’. म्हणजे एका रिकाम्या खुर्चीपाशी एक उभा, एक बसलेला, एक गच्च भरलेला आणि एक पांघरूण घेऊन. फोन उचलायला मात्र कुणी नाही.

त्यात शेपूट बदललं की सगळंच बदलतं. ‘स्टँड इन’ म्हणजे त्याच्या जागी काम कर, ‘स्टँड डाऊन’ म्हणजे घरी जा. रात्री नऊच्या कॉलवर, अडखळत्या नेटवर, त्या शेपटातला नुसता ‘न’ ऐकू येतो. लॅपटॉप मिटायचा की नाही, ते त्या ‘न’च्या भरवशावर ठरवायचं.

मागे त्यांच्या एका कामासाठी आम्ही शनिवार-रविवार घातला. पैसे नाहीत, ‘टॉइल’ मिळेल म्हणाले. ‘टाइम ऑफ इन ल्यू’, म्हणजे जादा कामाच्या बदल्यात सुट्टी. तिकडे सर्रास चालतं. आता ‘टॉइल’चा डिक्शनरीतला अर्थ राबणं. राबलो तो टॉइल, त्याबदली मिळाला तोही टॉइल! आमचा मॅनेजर तेव्हापासून असा चेहरा करतो की जणू हिशोब कधीच चुकता झाला. सुट्टी कधी घेऊ विचारलं तर म्हणाला, “सोमवारी घे, नाहीतर सोडून दे.”

याला इंग्रजीत ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणतात. टॉमस हॉब्सन केंब्रिजला घोडे भाड्यानं द्यायचा. १६३१ साली वारला. गिऱ्हाइकानं दाराजवळचा घोडा घ्यायचा, नाहीतर पायी सुटायचं. त्याच त्याच चांगल्या घोड्यांना सगळ्यांनी दामटू नये म्हणून ही पाळी. हॉब्सनला निदान घोड्यांची दया होती.

पण खरी शोभा स्वयंपाकघरात झाली. लेकीचा वाढदिवस ऐन श्रावणात, त्यात सासूबाई मुक्कामाला, म्हणजे केक बिनअंड्याचा. लेकीनं मोबाइलवरून वाचलं, “सब्स्टिट्यूट योगर्ट फॉर एग्ज.”

“म्हणजे दही काढून अंडी घालायची?” बायकोनं विचारलं.

“उलट. दही आत, अंडी बाहेर.”

“आणि या दुसऱ्या रेसिपीत ‘सब्स्टिट्यूट एग्ज विथ योगर्ट’ आहे ते?”

“तेही तेच.”

“अहो, इकडचं तिकडे केलं तरी तेच कसं?”

‘फॉर’ आला की पहिला आत, दुसरा बाहेर. ‘विथ’ आला की पहिला बाहेर, दुसरा आत, असं मी मैदा चाळता चाळता समजावत होतो. दोनदा चाळून झाला तरी माझं चालूच. शेवटी सासूबाईंनी दह्याचा सट माझ्यापुढे सरकवला. “एका अंड्यामागे पाव कप, एवढंच ना? दुधाची तहान ताकावर ऐकली होती, ही अंड्याची दह्यावर. घाला.”

कायदा करणाऱ्यांनाही ही उभी-बसलेली माणसं झेपली नसावीत. मुंबईच्या गिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी घेत तो बदली. पाळीच्या वेळी गेटवर ताटकळायचं, कुणाचा खाडा पडला तर आत जायचं. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ यात त्याची व्याख्या होती: हजेरीपटावर ज्याचं नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी लावलेला. सगळा मजकूर साहेबी इंग्रजीत आणि नाव सरळ ‘बदली वर्कमन’. ना स्टँड, ना सिट.

मला हे भलतंच आवडलं. यंदा लीड्सचा एक जण स्पेनला गेला तेव्हा मी ठसक्यात सगळ्यांना मेल टाकला की या आठवड्यात त्याच्या जागी ‘बदली’ बघेल.

दहा मिनिटांत उत्तर आलं, “वेलकम टू द टीम, बदली!”

परवा त्यांच्या रजेच्या तक्त्यात माझ्या नावाखाली एक नवी ओळ दिसली. मिस्टर बदली, पुणे. त्याच्या खात्यावर दोन दिवसांचा टॉइल जमा आहे.