मार्केट स्ट्रीटच्या त्या फिल्मला ना रंग होता, ना आवाज

महिन्याभरात एकच व्हिडिओ मला चार ग्रुपांवर आला. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच इमारती, घोडागाड्या, हॅट घातलेले पुरुष आणि समोर लांबवर घड्याळाचा मनोरा. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: हा १९०६ सालचा अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा मार्केट स्ट्रीट आहे. चित्रण मूळ रंगीत, आवाजही मूळ. भूकंपाच्या आदल्या दिवशी घेतलेलं. त्या काळीही रस्ता मोटारींनी भरलेला होता. आणि यात दिसणारी सगळी माणसं दुसऱ्या दिवशी मरण पावली.

फिल्म खरी आहे आणि माझी फार आवडती आहे. म्हणूनच तिच्याबद्दल असं काहीबाही पसरलेलं मला सहन होत नाही.

आधी रंगाचं. माइल्स बंधू या फिल्मवाल्या भावांनी केबल कारच्या, म्हणजे रस्त्याखालच्या तारेने ओढल्या जाणाऱ्या ट्रामच्या, पुढच्या टोकाला कॅमेरा बसवून तेराएक मिनिटांची ही फिल्म घेतली, ती कृष्णधवल. आज दिसणारे रंग संगणकाने अंदाजाने भरलेले आहेत. त्यातून मूळ रंग परत मिळणं शक्यच नाही, कारण त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग नीट उमटतच नसे, तो काळपट येई. एखाद्या बाईचा झगा लाल होता की काळा, हे फिल्मलाच माहीत नाही, तर संगणकाला कुठून कळणार? हालचाल गुळगुळीत दिसते तीही तशीच. हाताने फिरवायचा कॅमेरा सेकंदाला साधारण सोळा चौकटी टिपायचा. व्हिडिओत साठ आहेत. म्हणजे चव्वेचाळीस चौकटी कुणी कधी टिपलेल्याच नाहीत.

आवाज तर सरळसरळ नंतर चिकटवलेला. अमेरिकेत न्यूजरील, म्हणजे चित्रपटगृहात दाखवली जाणारी बातमीपट्टी, बोलू लागली ती १९२७ साली, फॉक्स मूव्हिटोन या फिल्मवरच आवाज टिपणाऱ्या तंत्रामुळे. त्या वर्षी वैमानिक लिंडबर्गचं विमान न्यूयॉर्कजवळून पॅरिसला निघालं, त्या चित्रणातली इंजिनाची घरघर खरी आहे. १९०६ च्या टापा आणि घंटा खऱ्या नाहीत.

मोटारींचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो पडताळायला तज्ज्ञ लागत नाही. फिल्म लावा, एक मोटार हेरा आणि तिच्यावरच नजर ठेवा. ती कॅमेऱ्याच्या पुढे येते, वळते, दिसेनाशी होते आणि थोड्या वेळाने परत हजर. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या टिपणात हेच नोंदवलं आहे: जवळजवळ सगळ्या मोटारी कॅमेऱ्याभोवती पुन्हापुन्हा घिरट्या घालतात, एक तर दहा वेळा. रस्ता आधुनिक आणि भरभराटीचा दिसावा म्हणून निर्मात्यांनीच ही रहदारी घडवून आणलेली दिसते. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा मोटार म्हणजे नवलाईच होती, रस्त्यावर राज्य होतं घोड्यांचं. मला हे कळलं तेव्हा फिल्म आणखी जवळची वाटली. एकशे वीस वर्षांपूर्वीही कुणीतरी आपलं शहर झकास दिसावं म्हणून धडपडत होतं.

आता तारीख. बरीच वर्षं ही फिल्म सप्टेंबर १९०५ ची मानली जायची. अर्धवट बांधकाम झालेल्या इमारतींवरून तसा अंदाज काढला होता. कॅलिफोर्नियातल्या नाइल्स इथल्या मूकपट संग्रहालयाचे डेव्हिड कीन यांना ते पटेना. रस्त्यात पाण्याची डबकी दिसतात, आणि सप्टेंबर म्हणजे तिथला कोरडा महिना. त्यांनी हवामानाच्या जुन्या नोंदी काढल्या, मोटारींच्या नंबरांवरून नोंदणी शोधली, त्या वेळच्या वर्तमानपत्रांतला मजकूर चाळला. निष्कर्ष निघाला १४ एप्रिल १९०६. भूकंप १८ तारखेला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झाला. ‘आदल्या दिवशी’ आलं कुठून, तर १७ तारखेच्या रात्री ही फिल्म रेल्वेने न्यूयॉर्कला रवाना झाली होती. मार्केट स्ट्रीटवरचा माइल्स बंधूंचा स्टुडिओ भूकंपामागोमाग लागलेल्या आगीत खाक झाला. फिल्म गावाबाहेर होती म्हणून वाचली.

ही तारीख सापडली ती डबक्यांमुळे आणि नंबरांमुळे. संगणक चित्र ‘सुधारतो’ तेव्हा पहिला घाला घालतो तो असल्याच बारकाव्यांवर. पुसट आकड्याच्या जागी तो आकड्यासारखं काहीतरी रेखाटतो. रंगीत आवृत्ती जरूर बघा, पण तिला पुरावा म्हणू नका.

आणि ‘सगळे मेले’. शहराची वस्ती सुमारे चार लाख. मृत्यू आता तीन हजारांहून अधिक मानले जातात, बेघर झाले सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणजे फिल्ममधले बहुतेक लोक जगले असणार, पण निम्म्याहून अधिकांचं घर गेलं असणार. या आकड्याचीही एक कथा आहे. तेव्हा सरकारी आकडा काही शेकड्यांचाच होता, चायनाटाउन या चिनी वस्तीतल्या मृतांची धड मोजदादही झाली नाही. शहराच्या ग्रंथपाल ग्लॅडिस हॅन्सन यांनी पुढे वर्षानुवर्षं नावं गोळा करून तो आकडा वाढवला. ज्यांना खरोखर विसरलं गेलं ते हे लोक, आणि फॉरवर्डमध्ये त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही.

माइल्स बंधूंनी भूकंपानंतर त्याच रस्त्याचं पुन्हा चित्रण केलं होतं. त्याची नऊएक मिनिटांची नायट्रेट फिल्म (त्या काळची सहज पेट घेणारी फिल्म) काही वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोतल्या जुन्या बाजारात सापडली. पहिली बघून झाली की ती लावा. दोन्ही बाजूंना इमारतींचे सांगाडे उभे आहेत, विटांचे ढीग पडलेत, आणि मधून घोडागाड्या चालल्या आहेत, माणसं चालली आहेत.